तक्रारदार: दत्तू मनोहर ढोक

सूरत
रविवार, ८ जानेवारी २०२३

ताई,

पत्राच्या वर श्री लिहितात एवढं आठवतं. पुढचा मायना विसरलो. आठवीत पत्रलेखनाला दहा मार्क होते, ते गेले, तशी आठवीही गेली. तू हसशील, की याला आज कागद कुठून सुचला. तू नंबर ब्लॉक केलास म्हणून सुचला.

तू पाठवलेला फोटो मी पाहिला. व्हिडिओच्या साइटवाल्यांचं पत्र, बाबांचा मोटर बांधायचा धडा काढून टाकला म्हणून, आणि खाली ‘तक्रारदार: दत्तू मनोहर ढोक’. त्याच्या खाली तू विचारलंस, ‘हा कोण?’ मी उत्तर टाइप करत होतो तेवढ्यात तुझा डीपी गायब.

ताई, दुनियेत दत्तू काय एकच आहे का? मनोहर ढोकही निघतील एखाद-दोन. नागपूरकडे तर ढोकांची गल्लीच असेल. आणि समजा नाव माझंच आहे, तरी इंटरनेटवर कोणीही कोणाचंही नाव टाकतं. तू शिकलेली आहेस, तुला मी काय सांगू.

माझं इथे बरं चाललंय. कापड मार्केटच्या वर तिसऱ्या मजल्यावर ऑफिस आहे, एसी आहे. चौथ्या मजल्यावर राहायचं, जेवण तिथेच येतं. खाली उतरायची गरजच पडत नाही. दाराला अंगठ्याचं मशीन आहे. आमचे अंगठे त्यात अजून भरलेले नाहीत, भरणार आहेत म्हणतात. फोन सकाळी ट्रेमध्ये ठेवायचा, रविवारी चार ते सहा मिळतो. कामात लक्ष लागावं म्हणून. मला पटतं ते. माझं लक्ष कसं असतं हे तुला माहीत आहे.

काम व्हिडिओ कापायचं. दिवसाला साठ. उदयभाऊ, आमचे सुपरवायझर, इंदूरचे आहेत, मराठी बोलतात. ते म्हणतात, “दत्तू, तुझा हात म्हणजे मशीन आहे रे.” बाबा काय म्हणायचे ते तुला आठवत असेल. “याच्या हातात भिंगरी आहे, याच्याच्यानं मोटरीत कॉइल भरणं व्हायचं नाही.” सगळ्या पिपलानी वसाहतीची पोरं व्हरांड्यात बसवून शिकवली, आणि मला म्हणाले, तू जा, पाण्याची मोटर बंद करून ये, आवाज येतो रेकॉर्डिंगमध्ये.

मी इथल्या पोरांना सांगतो, माझे वडील कारखान्याच्या वाइंडिंग शॉपमध्ये, मोटरींत तारेचे वेढे भरायच्या कामावर, चौतीस वर्षं होते, रिटायर झाले, भोपाळलाच अयोध्या नगरात घर बांधलं आणि आता मोबाइलवर मोटर बांधायला शिकवतात, बहीण शूटिंग करते, दोनशे बारा धडे झाले. तर ती म्हणतात, “फेंक मत.”

बाबांना हे तक्रारीचं सांगू नकोस. सांगितलंच असशील तर ते काय म्हणाले तेवढं कळव. पत्ता मागे लिहिलाय तो नीळकंठकाकांचा, आमच्या वॉचमनचा. नंदुरबारकडचे आहेत. ऑफिसच्या पत्त्यावर टाकू नकोस.

दत्तू


सूरत
रविवार, २२ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी लिहिल्यास, पण लिहिल्यास. नीळकंठकाकांनी डब्याच्या पिशवीतून आणून दिलं. म्हणाले, “बहिणीचं आहे की बायकोचं? एवढं पातळ आहे म्हणजे बहीण रागावलेली आहे.”

तू लिहितेस, दुसरी तक्रार आली. त्याच नावानं. अजून एक आली की चॅनल बंद, सगळे दोनशे बारा धडे पुसले जाणार. बाबांनी कॅमेऱ्यासमोर बसणं सोडलंय. आणि विदिशाहून रवींद्र नावाचा कोणी माणूस आला होता, हाताला पट्टी बांधून, तो बाबांना नाही नाही ते बोलून गेला.

तो का आला ते मला माहीत आहे. तुला माहीत नसावं म्हणून सांगतो.

आमच्याकडे जो व्हिडिओ येतो तो दुसऱ्याचा असतो. कोणाचा, विचारायचं नाही. तो जसाच्या तसा टाकला तर साइटचं मशीन पकडतं. म्हणून आधी आरशात दाखवल्यासारखा पलटवायचा. डावं ते उजवं. मग कोपऱ्यातलं नाव कापायचं, आवाज थोडा जाड करायचा, आणि आमच्या पेजचं नाव चिकटवायचं. नाचाचा व्हिडिओ पलटवला तर कोणाचं काय बिघडतं? भाजीचा पलटवला तर बाई डावखुरी दिसते, एवढंच.

पण मोटर पलटवली की काय होतं ते तू वाइंडरची मुलगी आहेस, तुला कळेल. बाबा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं कॉइल टाकतात, पलटवल्यावर ती उलट्या दिशेनं पडलेली दिसते. कुठल्या खाचेत तार टाकायची ते बाबांच्या कागदावरचे स्लॉटचे आकडे उलटे दिसतात म्हणून आम्ही त्यावर पट्टी मारतो. म्हणजे जो बघून बांधेल, त्याला आकडेही नाहीत आणि दिशाही उलटी. पंखा बांधला तर पंखा उलटा फिरतो. खाली कमेंट यायला लागल्या, “मास्टरजी का पंखा छत को हवा खिला रहा है.” “चाचा, हमारे यहाँ गर्मी नीचे है, ऊपर नहीं.” इथे सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, ताई. खोटं कशाला लिहू.

मग त्या रवींद्रनं लिहिलं. त्यानं ग्राइंडर बांधला होता. ग्राइंडर उलटा फिरला की चाकाचा नट घट्ट व्हायच्या ऐवजी सैल होत जातो. चाक निघून आलं. दोन बोटं. त्यानं लिहिलंय, “पिपलानी वाले ढोक मास्टर के भरोसे बाँधा था.” आमच्या पेजवर बाबांचं नाव नाही, पण त्यांचे हात लोक ओळखतात. उजव्या अंगठ्यावरचा तो जळाल्याचा डाग. पलटवल्यावर तो डाव्या अंगठ्यावर दिसतो, तरी ओळखतात.

म्हणजे बाबांनी चुकीचं शिकवलेलं नाही. हे त्यांना सांग. त्यांना वाटत असेल, वय झालं, आपणच काही उलटं दाखवलं.

धडे माझ्या टेबलावर आले ते मी आणले नाहीत. लिस्टमध्ये होते. लिस्ट वरून येते.

तक्रारीचं मला नीट माहीत नाही. विचारून सांगतो.

दत्तू


सूरत
रविवार, ५ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या दुसऱ्या पत्रात बाबांचा कागद निघाला. मी आधी तोच उघडला, तुझं मागून वाचलं. रागावू नकोस.

मला वाटलं होतं शिव्या असतील. कागदावर आकृती होती. तीच त्यांची बारीक पेन्सिल, पट्टी न लावता सरळ रेघ. खाली लिहिलंय: “उलटं फिरत असेल तर स्टार्टिंग कॉइलची दोन टोकं आपसांत बदलावीत. ग्राइंडर व आटाचक्की चालवण्याआधी दिशा तपासावी. ज्यांनी ज्यांनी बांधले त्यांना त्वरित कळवणे.” बस. माझं नाव नाही, आशीर्वाद नाही. जसं शॉपच्या नोटीस बोर्डावर लावायचे तसं.

मी कळवलं. पुढच्या रविवारची वाट न बघता कामाच्या कॉम्प्युटरवरून आमच्याच पेजखाली लिहिलं. हिंदीत. दोन तास राहिलं. एकानं लिहिलं, “शुक्रिया भाई, अभी चक्की चालू करने ही वाला था.” एकच माणूस. मग उदयभाऊंनी पुसलं.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला. म्हणाले, “अरे भाऊ, कमेंटमधलं भांडण चालू राहू दे ना. लोक भांडायला येतात, बघायला येतात. तू मधेच डॉक्टर कशाला होतोस?” मी म्हटलं, माणसाची बोटं गेली. ते म्हणाले, “म्हणूनच तर जुना चॅनल उडवायला हवा. दोन्ही शेजारी शेजारी राहिले तर उद्या कोणीतरी ताडून बघेल, उलटा कोण ते.” एवढ्या शांतपणे बोलले की मी चहा पूर्ण प्यायलो.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो.

धडे लिस्टमध्ये वरून आले नाहीत. मी आणले. तुझ्या जुन्या मोबाइलची कार्डं तू सुपारीच्या डब्यात ठेवायचीस, न कापलेलं शूटिंग असलेली. मी घरातून निघालो त्या दिवशी तो डबा उचलला. तेव्हा डोक्यात काही नव्हतं, खरंच. बाबांनी सकाळी शेजारच्या गजाननला ‘शाब्बास’ म्हटलं होतं, पहिली मोटर चालली म्हणून, आणि मला म्हणाले, “तू बघ नुसता.” मला वाटलं, घेऊन जावं काहीतरी, म्हणजे कळेल. काय कळेल ते मलाही ठरवता आलं नव्हतं.

इथे आलो तेव्हा उदयभाऊंनी विचारलं, काय येतं? शाळा नाही, कोर्स नाही. मी कार्डं पुढे ठेवली. म्हटलं, हे मी काढलेलं आहे. त्यांनी लावून पाहिलं, आणि विचारलं, हे म्हातारे कोण? मी म्हटलं, वडील. ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, “मग प्रश्नच मिटला. बापाची विद्या मुलाचीच असते रे. वारसा आहे तुझा.” आणि एक कागद पुढे केला. हे सगळे व्हिडिओ मी बनवले, मालक मी, वडिलांची संमती आहे, आणि मी ते कंपनीला वापरायला देतो. इंग्रजीत होता. त्यांनी वाचून दाखवला. मला समजला, ताई. समजला नाही असं मी म्हणू शकलो असतो. ‘वारसा’ म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी सही केली. आधार आणि शाळेचा दाखला त्यांनी त्याच फाइलमध्ये ठेवून घेतला.

म्हणून तक्रारदार मीच. नागपूरच्या ढोकांना उगाच गोवलं.

पहिली तक्रार मी माझ्या हातानं पाठवली. मला सांगितलं की ही नुसती नोंद आहे. दुसरी कशाची आहे हे कळून पाठवली. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं ते मी करून पाहिलं नाही.

कालपासून मी त्या मागे घ्यायचा प्रयत्न करतोय. तक्रार ज्यानं केली त्याला मागे घेता येते, हे मी वाचून काढलं. पण माझ्या नावाचं जे खातं आहे त्याचा पासवर्ड बदललाय, आणि कोड उदयभाऊंच्या फोनवर जातो. म्हणजे ताई, तिकडे माझ्या नावाचा एक दत्तू ढोक बसला आहे, तो रोज कामाला जातो, आणि मला त्याला थांबवता येत नाही.

निघून का येत नाहीस, असं तू विचारशील. रविवारी दोन तास खाली सोडतात, सहाजण एकत्र, मोजून. पळता येईल. पळून कुठे जाऊ? फाइलमध्ये सही आहे ती तिथेच राहील. आणि घरी कोणत्या तोंडानं? अयोध्या नगरच्या स्टॉपवर उतरलो तर पहिल्यांदा गजाननच भेटेल आणि भोपाळी थाटात म्हणेल, “को खां, कहाँ थे?”

बाबा तो आकडा मोजतात ना, वेढे देताना, ते मला इथे ऐकू येतं. सगळं शिकवतात हिंदीत, “देखो बेटा, ये स्लॉट नंबर सात,” पण वेढे मोजताना आपोआप मराठीत जातात, अगदी हळू, ओठातल्या ओठात. एकोणसत्तर, सत्तर, एक्काहत्तर. मला ते कापायला सांगितलं होतं, ‘नॉइज’ म्हणून. बारा धड्यांतून कापलं. कापायला आधी ऐकावं लागतं. हेडफोन लावून.

दत्तू


सूरत
शनिवार, १८ फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितोय, आजच्या लिस्टच्या पाठकोऱ्या बाजूवर.

काल तिसरी गेली. मी केली नाही. लिस्टमध्ये ‘पंखा, भाग चार’ माझ्यापुढे होता. मी उदयभाऊंना म्हटलं, हे मी नाही पाठवणार. ते म्हणाले, “ठीक आहे, बस.” रागावले नाहीत. माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहून त्यांनी फोनवरून खातं उघडलं आणि पाठवली. मग फोन माझ्यासमोर धरला. तक्रारदार: दत्तू मनोहर ढोक. “झालं ना? तुझ्यावाचून काही अडत नाही रे.”

तुला आजपर्यंत मेल आला असेल. मी नियम वाचलेत. सात दिवस चॅनल दिसत राहतो, तेवढ्यात उत्तर दिलं तर बंद होत नाही. म्हणजे २४ तारखेपर्यंत. तू उत्तर देशील, हे आमचंच आहे म्हणून. ते म्हणतील, मालकाच्या सहीचा कागद आमच्याकडे आहे, न कापलेलं शूटिंगही आमच्याकडे आहे, तुमच्याकडे काय आहे? तुझ्याकडे रिकामा डबाही नाही. तोही मीच आणला.

पण एक गोष्ट मला आज सुचली, आणि ती त्या कार्डांतच आहे. उद्या नीट लिहून पाठवतो. काका स्पीड पोस्ट करतील.

नीळकंठकाका मला म्हणाले, “पोरा, तू लिहून दिलंस तर पहिला तूच अडकशील. खोट्या कागदावर सही तुझी, कार्डं चोरली तू. शेठ म्हणेल, आम्हाला काय माहीत, पोरानं फसवलं.” मी म्हटलं, बरोबर आहे. ते म्हणाले, “मग?” मी म्हटलं, काका, मी अडकलेलोच आहे. फक्त कशात, ते बदलेल. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, “स्पीड पोस्टाला फॉर्मवर पाठवणाऱ्याचं नाव लागतं. माझं टाकू नकोस.” आणि मग जरा वेळानं, “टाक. टाक माझं, काय व्हायचं ते होईल.” मी टाकणार नाही.

दत्तू


सूरत
रविवार, १९ फेब्रुवारी

ताई,

सोबतचा कागद हे घरचं पत्र नाही. तो कपाटात किंवा देवघरात ठेवायचा नाही. तू बी.कॉम. आहेस, बाग सेवनियाच्या त्या वकीलबाईंकडे तू टायपिंग करतेस, त्यांच्याकडून इंग्रजी करून घे आणि उत्तराला जोड. मूळ कागदही जोड, माझ्या अक्षरातला. अक्षर वाईट आहे, पण माझंच आहे हे कोणीही सांगेल.

त्या बाई विचारतील, भावावर केस होऊ शकते, चालेल का? तू चालेल म्हण. तू कचरशील, म्हणून आधीच लिहितोय. आईच्या फोटोकडे बघत बसू नकोस. दोनशे बारा धडे आहेत. रवींद्रसारखे अजून किती आहेत माहीत नाही. बाबांचा खरा चॅनल राहिला तरच ते लोक ताडून बघू शकतील. तो गेला तर उलटं तेवढंच उरेल, आणि ते बाबांचं म्हणून उरेल.

पाकिटावर या वेळी ऑफिसचा पत्ता टाकलाय, माझ्या पूर्ण नावासकट. कोणी चौकशीला आलं तर सापडेन. इथून मला स्वतःहून कुठे जाता येत नाही, पण न्यायला आले तर जाईन.

बाबांना कागद आधी वाचून दाखव. मधे थांबू नकोस, आणि मी चांगला आहे वगैरे मनचं काही घालू नकोस.

दत्तू


सोबतचा कागद

मी, दत्तू मनोहर ढोक, वय बावीस, शिक्षण आठवी नापास, मूळ राहणार अयोध्या नगर, भोपाळ, सध्या सूरत, कोणाच्याही सांगण्यावरून नाही, स्वतःच्या हातानं लिहून देतो.

मोटर वाइंडिंगच्या धड्यांबद्दल माझ्या नावानं तीन तक्रारी झाल्या आहेत. त्या तिन्ही खोट्या आहेत. पहिल्या दोन मी पाठवल्या. तिसरी माझ्या नावानं दुसऱ्यानं पाठवली.

हे धडे मी बनवले असा एक कागद मी सही करून दिलेला आहे. तो कागद खोटा आहे. वडिलांची संमती मी घेतली नव्हती. विचारलंही नव्हतं.

न कापलेल्या शूटिंगची कार्डं मी घरातून न सांगता उचलून आणली. ती आज कंपनीकडे आहेत. ती मालकीचा पुरावा म्हणून दाखवली गेली, तर कापून नको, पूर्ण दाखवायला सांगावीत, आवाजासकट. प्रत्येक धडा सुरू होण्याआधी एका मुलीचा आवाज आहे. ती म्हणते, “बाबा, चष्मा पुसा.” ते म्हणतात, “पुसला.” ती म्हणते, “मग बोला.” प्रत्येक वेळी तेच. काही ठिकाणी ती हसते, त्यामुळे चित्र हलतं. पेजवर टाकताना हे सगळं मी कापलं आहे, म्हणून ते मला पाठ आहे.

या धड्यांत उजव्या अंगठ्यावर जळाल्याचा डाग असलेला हात दिसतो तो माझे वडील मनोहर ढोक यांचा आहे. मराठीत वेढे मोजणारा आवाज त्यांचा आहे. कॅमेरा धरणारी माझी बहीण सुचेता आहे.

दोनशे बारा धडे मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले आहेत. मी त्यांत कुठेही नाही.

सही
दत्तू मनोहर ढोक